‘रोज किती चालता?’ : एका साध्या प्रश्नाचा सत्तर वर्षांचा इतिहास

जून २०२४ मध्ये एक बातमी सगळीकडे फिरली. जवळपास निम्मे प्रौढ भारतीय पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापलेले हे २०२२ सालचे आकडे. टीव्हीवर चर्चा झाल्या, व्हॉट्सॲपवर विनोद फिरले आणि ‘आपले लोक आळशीच’ असा निकाल दोन दिवसांत लागूनही गेला.

बातमीदारीत पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवतात. आकडा आला की विचारायचं, हा मोजला कुणी आणि कसा? सभेला गर्दी किती होती ते आयोजकाला विचारा, विरोधकाला विचारा आणि बंदोबस्तावरच्या हवालदाराला विचारा. तीन आकडे मिळतील. तिघांनीही खुर्च्या मोजलेल्या नसतात.

मग या निम्म्या भारताचं मोजमाप कसं झालं? लोकांना विचारून. १६३ देश-प्रदेशांतली ५०७ सर्वेक्षणं एकत्र केली, त्यांत लोकांनी स्वतःच्या हालचालीबद्दल दिलेली उत्तरं घेतली आणि त्यावरून संख्याशास्त्रानं अंदाज बांधला. कुणाच्या कमरेला यंत्र नव्हतं. तेवढ्यानं आकडा खोटा ठरत नाही, हे आधीच सांगतो. पण ‘विचारून मोजणं’ म्हणजे नेमकं काय, ते लठ्ठपणाच्या संशोधनात कसं शिरलं आणि त्यानं किती गोंधळ घातला, हा इतिहास माहीत असला तर अशा बातम्या वेगळ्या वाचता येतात. पोस्ट लांबलचक आहे, पण वाचा.

सुरुवात लंडनच्या लाल डबल-डेकर बसपासून होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकारानं मरणाऱ्यांची संख्या वाढत होती आणि कारण कळत नव्हतं. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं एक साधी तुलना केली. एकाच बसवर दोन माणसं काम करतात. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली, रोजच्या पाच-सातशे पायऱ्या. पगार, वस्ती, राहणीमान साधारण सारखंच. सुमारे ३१ हजार कामगारांची नोंद तपासली तेव्हा कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी दिसला, आणि झाला तरी उशिरा व सौम्य. हा अभ्यास १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. व्यायाम आणि आरोग्य यांच्या आधुनिक शास्त्राचा पाया इथून धरतात.

यात मॉरिसनं कुणालाही ‘तुम्ही किती हालचाल करता?’ असं विचारलं नव्हतं. माणूस ड्रायव्हर आहे की कंडक्टर, एवढं पुरेसं होतं. हजेरीपट खोटं बोलत नाही.

तीन वर्षांनी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गंमत केली. बस कंपनी कामगारांना गणवेश द्यायची, म्हणजे पँटचं कमरेचं माप कंपनीकडे होतंच. ते काढलं. प्रत्येक वयोगटात ड्रायव्हरची कंबर कंडक्टरपेक्षा मोठी. अगदी तरुण गटातही! म्हणजे बसून बसून पोट सुटलं एवढंच कारण नव्हतं. मुळातच थोडी जाड माणसं ड्रायव्हर होत असावीत, अशी शंका त्यामुळे आली. मॉरिसचा स्वतःचाच निष्कर्ष थोडा कमकुवत झाला, पण त्यानं ते छापलं. शिंप्याच्या टेपनं शास्त्राला अडवलं आणि शास्त्रानं ते मान्य केलं. चांगल्या मापाचा हा फायदा.

त्याच वर्षी, १९५६ मध्ये, आपल्या देशातला एक अभ्यास जगभर गाजला. हावड्याजवळ चेंगाईल इथल्या ताग गिरणीतले २१३ कामगार. झाँ मेयर, पूर्णिमा रॉय आणि कामाख्या प्रसाद मित्र यांनी त्यांच्या कामाच्या जडपणानुसार गट पाडले. एका टोकाला दुकानात बसून असणारे आणि कारकून, दुसऱ्या टोकाला गासड्या वाहणारे आणि कोळसा ओढणारे. कष्टाची कामं करणारे जास्त खात होते आणि सडपातळ होते, ते ठीकच. पण अगदी बैठं काम करणारेही भरपूर खात होते आणि वजनानं जास्त होते. शरीराला थोडी तरी हालचाल असली तरच भूक ताळ्यावर राहते, असा अर्थ त्यातून निघाला आणि पुढची कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिला.

आता इथली मेख बघा. कामाचा प्रकार गिरणीच्या नोंदीतून कळत होता. वजन काट्यावर केलेलं होतं. खाण्याची माहिती मात्र कामगारांना विचारून घेतलेली. म्हणजे आलेखाची एक बाजू मोजलेली आणि दुसरी सांगितलेली. आलेख छापून आला की दोन्ही बाजू सारख्याच ठाशीव दिसतात.

पुढे कामं बदलली. गिरण्यांत यंत्रं आली, ऑफिसं वाढली, बहुतेक माणसं दिवसभर खुर्चीत बसायला लागली. हुद्द्यावरून हालचाल कळेना. मग फावल्या वेळात माणूस काय करतो ते विचारणं भाग पडलं. मॉरिसनंही विचारलं, पण कसं ते पाहा. १९६८ ते १९७० या काळात त्यानं १६,८८२ सरकारी अधिकाऱ्यांना सोमवारी सकाळी कागद दिला आणि सांगितलं, परवाच्या शुक्रवारी आणि शनिवारी फावल्या वेळात काय काय केलंत ते लिहा. ‘साधारणपणे आठवड्यात किती व्यायाम करता?’ असं विचारलं नाही. ‘साधारणपणे’ म्हटलं की माणूस आपला चांगला आठवडा आठवतो. शुक्रवार म्हटलं की शुक्रवारच आठवावा लागतो.

पण असं काटेकोर विचारायला वेळ लागतो, माणसं लागतात. सोपा मार्ग म्हणजे छापील प्रश्नावली. स्वस्त, झटपट, हजारो लोकांना एकदम देता येते. पुढची काही दशकं आहार आणि व्यायामाचं बरंचसं संशोधन याच कागदावर उभं राहिलं. प्रश्नावली चुकते आहे का, हे तपासायला दुसरं मापच नव्हतं.

ते माप आलं पाण्यातून. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेथन लिफ्सन आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये शरीरातल्या ऑक्सिजनच्या प्रवासाबद्दल एक शोध लावला आणि १९५५ पर्यंत उंदरांवर एक पद्धत बसवली. कल्पना अशी : प्राण्याला थोडं खास पाणी पाजायचं. त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन किंचित जड, म्हणजे ओळखू येणारे. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो, लघवी, घाम, श्वासातली वाफ. जड ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि कार्बन डायऑक्साइडमधूनही. दोघांच्या वेगातला फरक काढला की शरीरानं किती कार्बन डायऑक्साइड बनवला ते कळतं, आणि त्यावरून किती ऊर्जा जाळली ते. माणसानं फक्त पाणी प्यायचं आणि अधूनमधून लघवीचा नमुना द्यायचा. बाकी आपलं रोजचं आयुष्य जगायचं. जड ऑक्सिजन इतका महाग होता की माणसावर ही पद्धत यायला १९८२ उजाडलं. डेल शोलर यांनी ते करून दाखवलं.

आणि मग प्रश्नावलीचं बिंग फुटलं.

१९८६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी सडपातळ आणि लठ्ठ अशा मोजक्या बायकांचा अभ्यास केला. सगळ्यांनी आपलं खाणं स्वतः लिहून ठेवलं. सडपातळ बायकांच्या वहीत रोजच्या साधारण १९०० कॅलरी, लठ्ठ बायकांच्या वहीत साधारण १६००. नुसती वही पाहिली तर निष्कर्ष काय निघतो? जाड बायका कमी खातात, त्यांचं शरीरच कमी जाळतं. कित्येक जण हेच मानत होते. पण खास पाण्यानं मोजलं तेव्हा सडपातळ बायकांचा खर्च वहीशी जवळपास जुळला. लठ्ठ बायकांचा खर्च मात्र निघाला साधारण २४४० कॅलरी. म्हणजे त्यांचं शरीर कमी नव्हे, जास्त जाळत होतं, आणि वहीत खाण्याचा एक तृतीयांश भाग आलाच नव्हता. माप चुकलं म्हणून निष्कर्ष थोडा इकडे-तिकडे झाला असं नाही. पार उलटा झाला.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी हीच तपासणी पुढे नेली. त्यांनी घेतलेली दहा माणसं अशी होती, की ‘आम्ही रोज १२०० कॅलरींपेक्षा कमी खातो तरी वजन उतरत नाही’ असं त्यांचं म्हणणं. शरीराचा ऊर्जाखर्च तपासला तर तो नॉर्मल. प्रत्यक्षात ही माणसं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होती आणि शारीरिक हालचाल सरासरी ५१ टक्क्यांनी जास्त. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला हा लेख आजही दाखला म्हणून दिला जातो.

इथे एक मिनिट थांबा. कारण याच ठिकाणी बरेच जण चुकीचा धडा घेतात. ‘बघा, जाडी माणसं खोटं बोलतात!’ या दहा जणांत कसला मानसिक विकार आढळला नव्हता. आपलं खाणं बऱ्यापैकी नॉर्मल आहे आणि जाडी आनुवंशिक आहे, अशी त्यांची समजूत होती. थायरॉइडची औषधं घेणाऱ्यांचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. ते फसवत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. आणि हालचाल वाढवून सांगण्याची सवय जाड-बारीक असा भेद करत नाही.

पुरावा हवा? इंग्लंडचं २००८ चं आरोग्य सर्वेक्षण घ्या. हे सगळ्या जनतेचं सर्वेक्षण, लठ्ठ लोकांचं वेगळं नाही. आठवड्यातले किमान पाच दिवस अर्धा तास व्यायाम, हा तेव्हाचा सरकारी निकष. लोकांच्या सांगण्यानुसार ३९ टक्के पुरुष आणि २९ टक्के बायका तो पाळत होत्या. त्याच सर्वेक्षणातल्या काहींच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र लावलं. निकष पाळणारे पुरुष निघाले ६ टक्के, बायका ४ टक्के. अमेरिकेतही २००३-०४ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात यंत्रानं मोजलं तेव्हा निकष पाळणारे प्रौढ ५ टक्क्यांहून कमी भरले. काही वर्षांनी तिथल्याच सर्वेक्षणातली लोकांची उत्तरं तपासली, तर निम्म्याहून जास्त लोक आपण पुरेसा व्यायाम करतो असं सांगत होते.

एवढा फरक का पडतो? याचं उत्तर आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका माणसाच्या कामातून छान समजतं, आणि तेही शेतीच्या.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, गाव बुध. मोठे संख्याशास्त्रज्ञ. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले, नंतर पुण्यात राहून पोषणावर काम केलं. आज पीक विम्याच्या वेळी ज्या ‘पीक कापणी प्रयोगा’वरून भांडणं होतात, त्या पद्धतीला आपल्या देशात शास्त्रीय पाया देणाऱ्यांत ते आघाडीवर होते. १९४० च्या दशकात त्यांनी एक गोष्ट दाखवली. शेतात अगदी छोटा तुकडा आखून त्यातलं पीक कापलं आणि त्यावरून एकरी उत्पन्न काढलं, तर ते खऱ्यापेक्षा जास्त येतं. का? तुकड्याच्या रेषेवर जी ताटं येतात, ती आत धरायची की बाहेर, अशी शंका आली की कापणारा ती आत धरतो. लबाडी म्हणून नाही, सहज. आणि तुकडा जितका छोटा, तितकी रेषेवरची ताटं प्रमाणात जास्त, म्हणून चूकही मोठी.

आता हेच व्यायामाला लावा. ‘मी रोज तासभर फिरायला जातो.’ त्या तासात चपला शोधणं आहे, वाटेत भेटलेल्याशी बोलणं आहे, बागेतल्या बाकावर टेकणं आहे, परतताना टपरीवर चहा आहे. ही सगळी रेषेवरची ताटं. आपण ती आत धरतो. प्रत्यक्ष भरभर चालणं वीस-पंचवीस मिनिटं. त्यात पाहुणे आले, पाऊस आला, कंटाळा आला, ते दिवस आठवतच नाहीत. शिवाय विचारणारा पांढऱ्या कोटातला असला, तर त्याला काय ऐकायला आवडेल तेही आपल्याला ठाऊक असतं.

कुणी म्हणेल, माणसं थोडं इकडे-तिकडे सांगतात, पण हजारो लोक घेतले की सरासरीत सगळं निवळतं. ही समजूत फार घातक आहे. किराणा दुकानातल्या तराजूचं उदाहरण घ्या. वाऱ्यानं काटा नुसता हलत असेल तर कधी जास्त, कधी कमी, महिन्याच्या हिशोबात बऱ्यापैकी जुळेल. पण पारड्याखाली चिंच चिकटवलेली असेल तर हजार वेळा वजन केलं तरी चूक तशीच राहणार. आणि गिऱ्हाईक बघून कमी-जास्त चिंच लावत असेल, तर कोण किती माल घेतो याची तुलनाच फसणार.

लठ्ठपणाच्या संशोधनात हे तिन्ही प्रकार एकत्र आहेत. काटा हलतो, म्हणजे लोक आठवणीत चुकतात. त्यामुळे व्यायाम आणि आरोग्य यांचा खरा संबंध फिका दिसतो, कधी नाहीसाच होतो. चिंचही आहे, म्हणजे सगळेच हालचाल थोडी वाढवून सांगतात. आणि वजनानुसार चिंच बदलते, जशी केंब्रिजच्या वह्यांत दिसली. ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा, तिच्याप्रमाणेच चूक बदलत असेल तर कितीही मोठं सर्वेक्षण करा, नुसती मोठी चूक हाती येते.

हे ठणकावून सांगणाऱ्यांत पुढे होते डॉ. निखिल धुरंधर. मुंबईत लठ्ठपणावर काम केलेले आणि नंतर अमेरिकेत संशोधक झालेले. त्यांच्या पुढाकारानं तज्ज्ञांच्या एका गटानं २०१५ मध्ये एक निवेदन छापलं. त्या गटात खास पाणी माणसावर आणणारे शोलर होते आणि १९९२ च्या न्यूयॉर्क अभ्यासातले हेम्सफील्डही. सारांश असा की खाण्याच्या कॅलरी आणि हालचालीवरचा ऊर्जाखर्च लोकांच्या सांगण्यावरून मोजणं इतकं चुकीचं आहे, की त्यावर शास्त्रीय निष्कर्ष काढणं आता समर्थनीय नाही. ‘काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, असं त्यांनी शीर्षकातच म्हटलं.

यावर उत्तरही आलं. दुसऱ्या बाजूच्या आहारतज्ज्ञांचं म्हणणं असं, की एकूण कॅलरीसाठी प्रश्नावली वापरू नका हे मान्य, पण लोक काय प्रकारचं खातात, भाजी किती, गोड किती, याचा ढोबळ नमुना कळायला तिचा उपयोग आहे. ती पूर्ण फेकून दिली तर अनेक गोष्टी कधीच कळणार नाहीत. मला दोघांचंही पटतं. हत्यार वाईट नसतं, पण खुरप्यानं नांगरायला जाऊ नये.

मग यंत्रंच लावा की सगळ्यांना! इथेही घाई नको. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये मोबाइलमधल्या पावलांवरून ४६ देशांची यादी आली. हाँगकाँग ६,८८० पावलं, भारत ४,२९७, आणि तळाला इंडोनेशिया ३,५१३. पुन्हा ‘भारतीय आळशी’. पण ही पावलं कुणाची? स्मार्टफोनवर ठरावीक ॲप वापरणाऱ्यांची. त्यात शेतमजूर बाई असण्याची शक्यता किती? आणि जिच्याकडे फोन आहे, ती घरात झाडलोट, स्वयंपाक, धुणं करताना तो कुठे ठेवते? फडताळावर. फोनच्या हिशोबानं ती बसून आहे. कमरेच्या यंत्रालाही डोक्यावरचा हंडा कळत नाही, सायकल नीट कळत नाही. शिवाय किती वेगाचं चालणं ‘व्यायाम’ धरायचं, ही रेघ माणूसच आखतो. सगळ्यांना पाठ असलेल्या १०,००० पावलांचंही तेच. तो आकडा रूढ झाला तो १९६५ मध्ये जपानी कंपनीनं काढलेल्या पाऊल-मापकाच्या नावावरून.

आपल्याकडे आयसीएमआरच्या मोठ्या अभ्यासात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदिगड इथल्या १४ हजारांहून जास्त लोकांना हालचालीबद्दल विचारलं गेलं. २०१४ मध्ये निकाल आला. ५४ टक्के लोक निष्क्रिय. महाराष्ट्रात ९१ टक्के लोकांनी सांगितलं, फावल्या वेळात आम्ही कसलाच व्यायाम करत नाही. काम आणि प्रवासातली हालचाल त्यात वेगळी विचारली होती, हे चांगलंच. पण ‘फावला वेळ’ हा शब्द उन्हातान्हात खुरपणी करून आलेल्या बाईला विचारला तर ती काय उत्तर देणार? आणि दिवसभराच्या कामाचे तास आणि मिनिटं ती कोणत्या घड्याळात बघून सांगणार?

हा वाद फक्त विद्वानांचा वाटेल, पण त्याची किंमत आपण मोजतो. वजन न उतरणाऱ्या माणसाला एक जण ‘तुमचं शरीरच तसं’ म्हणून खोटा दिलासा देतो, दुसरा ‘तुम्ही खोटं बोलता’ म्हणून अपमान करतो. दोघांच्याही हातात मोजलेलं काहीच नसतं. आणि ‘लोक आळशी’ असा निकाल लागला की नगरपालिकेला फूटपाथबद्दल, शाळेला मैदानाबद्दल कुणी विचारत नाही. दोष लोकांच्या अंगावर टाकून फाइल बंद होते.

मग आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही? ठेवायचा, पण विचारून. मोजलं की विचारलं? कुणाला विचारलं, आणि कोण सुटलं? ज्या गोष्टीबद्दल निष्कर्ष आहे, त्यानुसारच लोकांची उत्तरं बदलत असतील का? एवढे तीन प्रश्न कुठल्याही आरोग्याच्या बातमीला लावा. सत्तर वर्षांत शास्त्रज्ञांनी जे शिकायला इतका वेळ घेतला, त्याचं सार यात आहे.

आणि स्वतःचं जाणून घ्यायचं असेल तर मॉरिसची युक्ती वापरा. ‘मी रोज किती चालतो’ हे मनाला विचारू नका. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते कागदावर लिहून काढा, टपरीवरचा चहा वगळून. जे निघेल ते इथे कॉमेंटमध्ये लिहा. बघू तरी, आपल्या गावात रेषेवरची ताटं किती आहेत.